पहिलं रिमोट हेलिकॉप्टर निवडताना: आधी जागा, मग सुटे भाग, मशीन सगळ्यात शेवटी

बॉक्स उघडला, अर्ध्या तासात शेपटीचा पंखा मोडला, तो पंखा सुटा कुठे मिळेना आणि हेलिकॉप्टर शोकेसमध्ये जाऊन बसलं. पहिल्या खरेदीचं असं होताना नेहमी दिसतं. उडवणाऱ्याचा हात वाईट असतो असं नाही. निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. फोटो आवडतो, मशीन घेतलं जातं, आणि मग ते उडवायचं कुठे, त्याचे भाग कुठले, बॅटऱ्या किती, हे प्रश्न एकेक करून पुढे येतात. खालच्या पायऱ्या मुद्दाम या क्रमाने लावल्या आहेत. चौथी पायरी होईपर्यंत कुठलंही मॉडेल कार्टमध्ये टाकू नका.

पायरी 1: जागा टेपने मोजा

उडवणार कुठे, यावरून निम्मी निवड होते. भिंत ते भिंत मोजू नका. सोफा, टीव्ही, झुंबर वजा करून जी मोकळी जागा उरते ती मोजा.

- 10 × 10 फूट मोकळी जागा: फक्त को-ॲक्सियल, म्हणजे एकावर एक दोन पंखे असलेलं छोटं हेलिकॉप्टर.
- 15 × 15 फूट किंवा जास्त: 30-40 ग्रॅम वजनाचं, एका रोटरचं (म्हणजे वर एकच मोठा पंखा असलेलं) फिक्स्ड पिच, म्हणजे पात्यांचा कोन एकत्र न बदलणारं. सोसायटीचा हॉल किंवा रिकामं बॅडमिंटन कोर्ट मिळालं तर उत्तमच.
- मोकळं मैदान, आसपास माणसं नाहीत: इथे मोठ्या जाती उडतात. पहिल्या खरेदीत त्यांचा विचार करू नका.

छताचा पंखा बंद हवा, आणि बंद म्हणजे पूर्ण थांबलेला. रेग्युलेटर एकवर ठेवून चालत नाही. पंख्याचा वारा सरळ खाली येतो आणि हलकं हेलिकॉप्टर जमिनीकडे दाबतो. आपण घाबरून थ्रॉटल (मशीन वर-खाली नेणारी रिमोटची काठी) वाढवतो, हेलिकॉप्टर त्या झोताबाहेर सरकतं आणि दुसऱ्या क्षणी छताला आपटतं. एसीच्या झोताचंही तेच.

गच्ची ही फसवी जागा आहे. खाली वारा जाणवत नाही, पण कठड्यावरून येणारा वारा गच्चीवर घुसळतो. एक साधी खूण: जवळपास पिंपळ असेल तर त्याची पानं पाहा. ती सळसळत असतील तर 40 ग्रॅमचं हेलिकॉप्टर बाहेर काढू नका. पिंपळ नसेल तर दोरीवरचे कपडे पाहा. संक्रांतीच्या आसपास गच्ची सोडूनच द्या. मांजाचा तुकडा रोटरच्या दांड्यात गुंडाळला की गिअरचे दात जातात.

तपासा: जमीन गुळगुळीत आहे ना? लादी चांगली, सतरंजी आणि गवत वाईट. उतरताना हेलिकॉप्टर थोडं बाजूला सरकतंच. लादीवर त्याचे स्किड, म्हणजे खालचे पाय, घसरतात, सतरंजीत अडकतात. अडकले की मशीन कलंडतं आणि पंखा जमिनीला लागतो.

पायरी 2: फोटोवरून जात ओळखा

वर्णनात काय लिहिलंय ते आधी वाचू नका, फोटो मोठा करून पाहा. तीन ठिकाणी नजर टाकली की जात कळते.

पहिलं, रोटर किती? एकाच दांड्यावर एकाखाली एक असे दोन रोटर असतील तर ते को-ॲक्सियल. दोन्ही उलट दिशांना फिरतात, त्यामुळे हेलिकॉप्टरचं अंग स्वतःभोवती गरगरत नाही.

दुसरं, शेपटीचा पंखा उभा आहे की आडवा? खऱ्या हेलिकॉप्टरसारखा उभा असेल तर तो मुख्य रोटरचा पीळ अडवतो. आडवा, छताच्या पंख्यासारखा झोपलेला असेल, तर त्याचं काम फक्त शेपूट वर-खाली करून मशीनला पुढे-मागे नेण्याचं. असं मशीन तीन चॅनलचं असतं: वर-खाली, डावीकडे-उजवीकडे वळणं, पुढे-मागे. ते बाजूला सरकू शकत नाही. अनेकांनी पाहिलेलं सायमा एस107जी याच जातीचं.

तिसरं, रिमोटवर ‘थ्रॉटल होल्ड’ आणि ‘आयडल अप’ अशी बटणं आणि वर्णनात सहा चॅनल दिसले, तर ते कलेक्टिव्ह पिच. त्यात पंख्याच्या पात्यांचा कोनच बदलतो, म्हणून ते उलटंही उडतं. फिक्स्ड पिचमध्ये हा कोन एकत्र बदलत नाही. वर जायचं तर रोटरचा वेग वाढवावा लागतो.

सावधान: ‘साडेतीन चॅनल’ असं काही नसतं. तीन चॅनलच्या मशीनमध्ये जायरो (मशीनचं वळणं-कलणं ओळखून ते सावरणारा सेन्सर) बसवला की विकणारे तो अर्धा चॅनल म्हणून मोजतात. जायरो हवाच, पण त्याने मशीन बाजूला सरकायला लागत नाही.

पायरी 3: आता जात ठरवा

इथे स्पष्ट बोललेलं बरं.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला घरात उडवायचं असेल, आणि पुढे छंद वाढेल की नाही हे माहीत नसेल, तर तीन चॅनलचं को-ॲक्सियल घ्या. ते जवळजवळ आपोआप स्थिर राहतं. पण त्यावर महिनाभर सराव केला तरी एका रोटरचं हेलिकॉप्टर हातात आल्यावर पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागते. बाजूला जाणारं हेलिकॉप्टर सावरणं हा हॉवरिंगचा, म्हणजे हवेत एका जागी तरंगत ठेवण्याचा, अर्धा भाग आहे, आणि मशीन बाजूला नेणारी काठी या रिमोटवर नसतेच.

मोठ्या माणसाला खरंच शिकायचं असेल तर चार चॅनलचं, एका रोटरचं, फिक्स्ड पिच घ्या. वर दांडी नसलेलं, म्हणजे फ्लायबारलेस, आणि सहा अक्षांचा जायरो असलेलं. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही911एस हे या जातीचं ओळखीचं उदाहरण. हलकं असल्यामुळे ते भिंतीला आपटूनही बहुतेक वेळा उठतं, आणि हाताला लागणारी सवय पुढे सगळीकडे उपयोगी पडते.

‘अल्टिट्यूड होल्ड’ असलेली चार चॅनलची मशीनही मिळतात. आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, काठी सोडली की मशीन त्याच उंचीवर थांबतं. सुरुवातीला दिलासा मिळतो हे खरं. पण थ्रॉटलवर हात बसत नाही, आणि खिडकीतून झुळूक आली की दाब बदलतो, मशीन विनाकारण वर-खाली होतं. ही सोय बटणाने बंद करता येत असेल तरच घ्या.

कलेक्टिव्ह पिच पहिल्यांदा नको. ‘ड्रोन उडवतो, मला जमेल’ म्हणणाऱ्यांनी तर नकोच. ड्रोनच्या काठ्या सोडल्या तर तो थांबतो, या हेलिकॉप्टरच्या सोडल्या तर ते पडतं. मोठ्या आकारात धोकाही खरा आहे. ‘450’ या आकार-वर्गातल्या हेलिकॉप्टरच्या रोटरचा व्यास साधारण 70 सेंटिमीटर असतो. तो मिनिटाला 2,500 वेळा फिरला तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे 92 मीटर, म्हणजे ताशी 330 किलोमीटरने जातं. पातं अनेकदा कार्बन फायबरचं असतं. हॉलमध्ये शिकायची ही वस्तू नव्हे.

पायरी 4: मॉडेल ठरवण्याआधी सुटे भाग शोधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून करा. मनात आलेल्या मॉडेलचं नाव आणि पुढे भागाचं नाव टाकून एकेक शोध घ्या. भारतात साठा असलेल्या दोन वेगळ्या दुकानांत तो भाग मिळायला हवा. ‘उपलब्ध नाही’, ‘परदेशातून 30 दिवस’ असं दिसलं तर ते मॉडेल सोडा, कितीही आवडलं असलं तरी.

मशीनसोबतच मागवायचे भाग, फिक्स्ड पिचसाठी:

- मुख्य रोटरची पाती: 2 जोड्या
- शेपटीचा पंखा: 3
- शेपटीची मोटर, दांडीसकट: 1
- मुख्य शाफ्ट, म्हणजे रोटरचा दांडा: 1
- स्किड: 1
- बॅटऱ्या: बॉक्समधली धरून 4

शेपटीच्या मोटरकडे विशेष लक्ष द्या. छोट्या मशीनमध्ये ती ब्रशची, करंगळीच्या पेरापेक्षाही बारीक असते. सगळ्यात आधी तीच थकते. लक्षण ओळखायला सोपं आहे: नाक सतत एकाच बाजूला वळत राहतं, ट्रिम (रिमोटवरचं बारीक सुधारणेचं बटण) शेवटपर्यंत दिलं तरी थांबत नाही, आणि थ्रॉटल वाढवला की जास्तच वळतं. नवशिके याला जायरोचा बिघाड समजतात आणि मशीन फेकून देतात. मोटर बदलली की तेच मशीन सरळ उडतं.

खर्चाचा हिशेब असा ठेवा: हातात 100 रुपये असतील तर मशीनवर 60, भाग आणि बॅटऱ्यांवर 40. सगळे 100 मशीनवर घातले तर मशीन चांगलं येतं आणि दोन दिवस चालतं.

पायरी 5: रिमोटचा मोड आणि लहरी

रिमोटवर दोन काठ्या असतात. मोड 2 मध्ये थ्रॉटल आणि नाक वळवणं डाव्या हाताला, पुढे-मागे आणि बाजूला सरकणं उजव्या हाताला. मोड 1 मध्ये थ्रॉटल उजव्या हाताला जातो. शिकवणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याचा मोड घ्या, नाहीतर मोड 2. एकदा बोटांना सवय लागली की ती बदलणं फार जड जातं.

दुसरी गोष्ट, रिमोट इन्फ्रारेड आहे की 2.4 गिगाहर्ट्झ, म्हणजे रेडिओ लहरींचा? इन्फ्रारेड म्हणजे टीव्हीच्या रिमोटचं तंत्र. उन्हात ते चालत नाही. खिडकीतून ऊन येत असेल तर घरातही मशीन मधेच ऐकेनासं होतं. 2.4 गिगाहर्ट्झच घ्या.

तपासा: बॉक्समध्ये रिमोट आहे ना? ‘बाइंड अँड फ्लाय’ असं लिहिलेल्या पॅकमध्ये रिमोट नसतो. स्वस्त दिसलं म्हणून तो पॅक घेणारे बरेच निघतात.

पायरी 6: बॅटरी समजून घ्या, मग मागवा

या मशीनमध्ये लिथियम पॉलिमर बॅटरी असते. तिचे चार आकडे लक्षात ठेवा. एका सेलचा सरासरी व्होल्टेज 3.7, पूर्ण भरल्यावर 4.2, ठेवून द्यायची असेल तर 3.8 ते 3.85, आणि 3.0 च्या खाली कधीच नाही.

चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेइतका ठेवा. बॅटरी 250 मिलिअँपिअर-तासांची असेल तर 0.25 अँपिअर. सोबतच्या यूएसबी चार्जरने साधारण पाऊण ते एक तास लागतो, आणि उड्डाण जेमतेम सहा-सात मिनिटांचं होतं. म्हणून चार बॅटऱ्या. एकच असेल तर सहा मिनिटं उडवून तासभर वाट पाहायची, आणि तेवढ्यात हात विसरतो.

फोनवर पाच मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की उतरवा. मशीन स्वतःहून खाली यायला लागेपर्यंत उडवत राहिलात तर बॅटरी 3.0 च्या जवळ जाते आणि पुढच्या वेळी फुगलेली सापडते. एक बॅटरी झाली की दुसरी लगेच घालू नका. मोटरला हात लावून पाहा, गरम असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा. लागोपाठ चार बॅटऱ्या उडवल्या की शेपटीची मोटर लवकर जाते.

सावधान: जादा बॅटऱ्या घेताना फक्त व्होल्ट आणि क्षमता पाहून चालत नाही. कनेक्टरचा आकार जुळायला हवा, आणि लाल-काळ्या तारेची बाजूही. दिसायला सारख्या असलेल्या कनेक्टरमध्ये तारा उलट असू शकतात. उलट लावली की सर्किट बोर्ड क्षणात जातो, आणि तो मशीनमधला सगळ्यात महाग भाग.

चार्जिंग लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका. गादीवर किंवा पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवू नका, स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट बरा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची नाही. ती ई-कचऱ्यात द्यायची.

पायरी 7: मागवण्याआधी नियम आणि जुन्या मालाची परीक्षा

भारतात दुरून उडवल्या जाणाऱ्या विमानांना ऑगस्ट 2021 चे ड्रोन नियम लागू आहेत, आणि त्यात रोटरची यानंही येतात. 250 ग्रॅमपर्यंतचा वर्ग नॅनो, त्याला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. पण बाहेर उडवायचं तर हवाई क्षेत्राचे रंग (हिरवं म्हणजे मोकळं, पिवळं-लाल म्हणजे परवानगी हवी) पाळावेच लागतात. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत हिरवं क्षेत्र नसतं, त्यामुळे शहरातल्या मैदानावर जाण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडून पाहा. मुंबईत तर पोलिस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यात ड्रोनबरोबर रिमोटवर चालणारी हलकी विमानंही असतात. आदेश चालू आहे का हे त्या त्या वेळी पाहायचं. घरातल्या हॉलमध्ये यातली कटकट नाही, हेही छोटं मशीन घेण्याचं एक कारण.

परदेशी साइटवरून थेट मागवू नका. फेब्रुवारी 2022 मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. कस्टमवाला हेलिकॉप्टर आणि ड्रोन यांत फरक करत बसेल, या भरवशावर पैसे अडकवण्यात अर्थ नाही. इथे साठा असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

जुनं मशीन मिळत असेल तर हातात घेऊन तीन गोष्टी पाहा. रोटर बोटाने सावकाश फिरवा, वरचं टोक डुलत असेल तर शाफ्ट वाकलाय. बॅटरी लावून काठ्यांना हात न लावता ठेवा, सर्वो (रोटरखालची तबकडी झुकवणारी छोटी मोटर) आपोआप थरथरत असेल तर तो झिजलाय. बॅटरी सपाट आहे ना, फुगलेली नाही ना ते पाहा. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्त होतात, पण तेवढी किंमत कमी करून घ्या.

पायरी 8: बॉक्स आला, अजून उडवायचं नाही

बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा, बदलून घ्यायची वेळ आली तर तोच कामाला येतो. मग या क्रमाने:

1. पात्यांचे स्क्रू. हेलिकॉप्टर आडवं धरा. पाती स्वतःच्या वजनाने हळूच लटकली पाहिजेत. ताठ राहिली तर स्क्रू पाव फेरा सैल करा, धपकन पडली तर पाव फेरा आवळा. फार आवळलेल्या पात्यांमुळे मशीन हवेत थरथरतं, आणि लोक मोटरला दोष देतात.
2. शेपटीचा दांडा आणि पंखा. पंखा दाबून पूर्ण बसलाय ना, फिरवल्यावर कशाला घासत नाही ना. घरात मांजर असेल तर इथेच केस गुंडाळलेले सापडतात.
3. रिमोट आधी चालू करा, थ्रॉटल अगदी खाली. मगच हेलिकॉप्टरला बॅटरी लावा.
4. बॅटरी लावल्यावर लगेच सपाट जागी ठेवा आणि हात काढा. दिवा स्थिर होईपर्यंत काही सेकंद त्याला धक्का लागू देऊ नका. या वेळात जायरो ‘सपाट म्हणजे काय’ ते शिकतो. हातात धरून बॅटरी लावली तर तो तुमच्या हाताचा तिरकेपणा सपाट समजतो आणि उडाल्यावर मशीन एका बाजूला पळतं.
5. थ्रॉटल न देता उजवी काठी हलवा. पुढे ढकलली की रोटरखालची तबकडी पुढे झुकली पाहिजे, उजवीकडे नेली की उजवीकडे.
6. उडवण्याइतका नाही, पण थोडा थ्रॉटल द्या आणि रोटर डोळ्यांच्या रेषेत आणून दोन मीटरवरून पाहा. दोन्ही पात्यांची टोकं एकाच रेषेत दिसली पाहिजेत. दोन रेषा दिसल्या तर एक पातं वाकलंय, ती जोडी बदला.

पाहताना चष्मा किंवा गॉगल लावा. बंद करताना क्रम उलटा: आधी हेलिकॉप्टरची बॅटरी काढा, मग रिमोट बंद करा.

पायरी 9: पहिलं हॉवर

हेलिकॉप्टर मधोमध ठेवा, शेपटी तुमच्याकडे. दोन-तीन मीटर मागे उभे राहा, बसू नका. शेपटी तुमच्याकडे असली की मशीनचं डावं-उजवं तुमच्या डाव्या-उजव्याशी जुळतं.

थ्रॉटल हळूच वाढवत जमिनीपासून बोटभर अंतरावर तरंगत ठेवायचं, असं सगळ्यांना वाटतं. तीच चूक. तेवढ्या उंचीवर रोटरची हवा जमिनीवर आपटून परत येते आणि मशीन लोण्यावर ठेवल्यासारखं घसरतं. ठामपणे उचला, कंबरेच्या उंचीपर्यंत न्या. तिथे ते शांत होतं. काठ्या हलवायच्या त्या टिचक्यांनी: थोडी हलवली, सोडली, पाहिलं. धरून ठेवायची नाही.

एकाच बाजूला सावकाश सरकत असेल तर उतरवून ट्रिम एक-दोन टिचक्या उलट बाजूला द्या. हवेत ट्रिम शोधायला नजर खाली नेऊ नका.

सावधान: पडतंय असं वाटलं की पहिली हालचाल थ्रॉटल शून्य. सावरायचा प्रयत्न नंतर. पातं अडकलेलं असताना मोटरला वीज मिळत राहिली तर मोटर आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात. पात्यांचा जोड स्वस्त असतो. जमिनीवर बसून पाच-सहा वेळा नुसती ही एकच हालचाल करून पाहा, बॅटरी न लावता.

शेपटी तुमच्याकडे ठेवून एका चौकोनी लादीवर अख्खी बॅटरी थांबता आलं की मशीन डावीकडे तोंड करून धरा, मग उजवीकडे, आणि अगदी शेवटी नाक तुमच्याकडे. नाक समोर आलं की डावं-उजवं उलटतं, आणि इथेच सगळ्यांचे शेपटीचे पंखे संपतात. म्हणून यादीत तीन लिहिले आहेत.

नाक समोर ठेवून अख्खी बॅटरी जमली की कलेक्टिव्ह पिचचा विचार सुरू करा. तेव्हाही नवीन मशीनआधी रिमोटला जोडायची यूएसबी तार आणि सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर उडवण्याचा सराव देणारा प्रोग्रॅम, घ्या. रिअलफ्लाइट, नेक्स्ट, हेली-एक्स यांपैकी एक. जोडण्याआधी आपला रिमोट त्या तारेला चालतो का ते पाहा, खेळण्यासोबतचे बरेच रिमोट चालत नाहीत.